घरचा कर्णा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कर्णा-पेटीची ओळख करून दिली होती. ड्रायव्हरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागाच्या, पुढे किंवा मागे हळूहळू रुंदावत जाणारा हवेचा मार्ग ठेवला, की तोच ड्रायव्हर कमी विजेवर मोठा आणि मोकळा आवाज देतो, एवढंच तेव्हा सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचं मागणं एकच आहे: खर्च कमी, जागा कमी, आणि बास, म्हणजे खालचे सूर, मात्र खोल हवा. म्हणून पहिलं उत्तर ऐसपैस लिहिलंय. पुढची उत्तरं त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न: माझ्याकडे चार इंची फुल-रेंज (खालचे-वरचे सगळे सूर एकट्याने वाजवणाऱ्या) ड्रायव्हरची जोडी आहे. त्यांच्यासाठी ४० हर्ट्झपर्यंत उतरणारा, मागे कर्णा असलेला बॉक्स बांधायचा आहे. खोली लहान आहे आणि खर्चही बेताचाच करता येईल. आकडेमोड कशी करायची?

उत्तर: आधी ४० हर्ट्झचा हट्ट सोडा, असं मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. कारण सांगते. खोलीच्या तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झची लहर ८.६ मीटर लांब. मोकळ्या जागेत ही लहर नीट बाहेर सोडायची तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ तिच्या लांबीएवढा हवा, म्हणजे तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर. जमीन आणि दोन भिंती यांच्या कोपऱ्यात कर्णा ठेवला तर एक-अष्टमांश तोंड पुरतं. तरीही ते ८६ सेंमी बाय ८६ सेंमी होतं आणि घशापासून (ड्रायव्हरकडच्या अरुंद टोकापासून) तोंडापर्यंतची लांबी साडेतीन मीटरच्या पुढे जाते. यात काटछाट केली की कर्णा खोल वाजत नाही, नुसता एखाद-दुसऱ्या सुरावर घुमत राहतो. छोट्या पेटीत ४० हर्ट्झ कोंबलेले बरेच कर्णे याच कारणाने निराश करतात, आणि दोष मात्र ड्रायव्हरला जातो.

त्याऐवजी उतार (ज्या सुराच्या खाली कर्णा साथ सोडतो तो) ६० हर्ट्झचा धरा आणि ८० च्या आसपासपर्यंत खणखणीत वाजणारा कर्णा बांधा. त्याखालचं काम वेगळ्या बंद पेटीतल्या साध्या वूफरकडे द्या. चार इंची ड्रायव्हरला हे झेपतं आणि कर्ण्याचा जो खरा गुण, म्हणजे मधल्या आणि वरच्या बासमधला जिवंतपणा, तो पुरेपूर मिळतो.

आता आकडे. घातांकी उताराच्या कर्ण्याचा नियम फार सोयीचा आहे: ठराविक अंतर पुढे गेलं की क्षेत्रफळ दुप्पट होतं. ते अंतर फक्त उताराच्या हर्ट्झवर ठरतं. मीटरमधलं अंतर काढायचं तर साधारण १९ ला हर्ट्झने भागा. ६० हर्ट्झसाठी ते सुमारे ३२ सेंमी येतं, १०० साठी १९ सेंमी.

चार इंची ड्रायव्हरच्या कोनचं (आत-बाहेर हलणाऱ्या शंकूचं) क्षेत्रफळ ५० चौ. सेंमीच्या आसपास असतं. घसा ४० चौ. सेंमी धरा. पेटीची आतली रुंदी सगळीकडे १६ सेंमी ठेवा. मग घशाशी दोन फळ्यांमधली फट २.५ सेंमी, ३२ सेंमीवर ५, ६४ वर १०, ९६ वर २० आणि १२८ सेंमीवर ४०. मधली मापं हवी असतील तर दर १६ सेंमीला आधीच्या मापाला १.४१ ने गुणा. तोंड ४० बाय १६ सेंमीचं होतं, म्हणजे ६४० चौ. सेंमी. आदर्श मापाच्या मानाने ते लहान आहे, पण तोंड कोपऱ्याकडे वळवलं की पुढचं रुंदावणं भिंती आणि जमीन करतात. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये बाजारात आणलेला क्लिप्शहॉर्न हा स्पीकर याच युक्तीवर उभा आहे. खोलीचा कोपरा हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग. कोपऱ्याला पैसे पडत नाहीत, म्हणून कमी खर्चात बांधणाऱ्याने तो सोडू नये. आतल्या मार्गातली सगळी हवा मिळून २७-२८ लिटर भरते, त्यामुळे लहान खोलीतही पेटी मावते.

रुंदी सगळीकडे सारखी ठेवण्याचा मोठा फायदा कापताना कळतो. दोन बाजूच्या फळ्या सोडल्या तर आतलं प्रत्येक लाकूड १६ सेंमी रुंदीची पट्टी असतं. अख्ख्या शीटच्या पट्ट्या मशीनवर एकाच सेटिंगमध्ये फाडून घ्या, मग घरी फक्त लांबीचे काप करायचे. मशीनचं काम थोडक्यात आटपतं आणि सगळे जोड आपोआप समतल येतात. जपानी ध्वनिसमीक्षक तेत्सुओ नागाओका यांनी साध्या प्लायवूडमधून घरी बांधता येतील असे मागच्या कर्ण्याचे अनेक आराखडे दिले. १० सेंमीच्या ड्रायव्हरसाठीचा त्यांचा ‘स्वान’ तर जगभर बांधला जातो: अरुंद मानेवर छोटं डोकं, त्यात ड्रायव्हर, आणि खालच्या धडात घडी घातलेला कर्णा.

घडी घालताना लांबी मार्गाच्या मधोमध मोजायची, फळीला चिकटून नाही. वळणावर फट तिरकी मोजा, कारण तिथेच क्षेत्रफळ नकळत फुगतं. बासच्या लांब लहरींना वळणाचं काही वाटत नाही. वळणं फक्त वरच्या सुरांना अडवतात, आणि मागच्या कर्ण्यात ते आपल्याला नकोच असतात. आराखडा संगणकावर काढलात तरी कापण्याआधी तो एकदा मोठ्या कागदावर खऱ्या मापात काढा आणि कागदाच्या पट्टीने मार्ग मोजून बघा.

आता ड्रायव्हरच्या पाठीमागची छोटी कोठी. हिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि अख्ख्या पेटीचा स्वर हिच्यावरच ठरतो. कोठीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि वरच्या सुरांना घशात शिरू देत नाही. किती वरचे सूर अडवायचे ते कोठीच्या आकारमानावर ठरतं: ४० चौ. सेंमीच्या घशाला २०० हर्ट्झवर अडवायला १.१ लिटर, १५० ला दीड लिटर, १०० ला सव्वादोन लिटर. ड्रायव्हरचं चुंबक आणि सांगाडा जी जागा खातात ती यात वेगळी मिळवा. माझा सल्ला असा, की कोठी अडीच-तीन लिटरची करा आणि तिचं मागचं झाकण स्क्रूने बसवा. मग लाकडाचे ठोकळे आत ठेवून आकारमान कमी-जास्त करत ऐका. हा प्रयोग फुकट आहे आणि कागदावरच्या गणितापेक्षा जास्त शिकवतो.

गणित पडताळायला डेव्हिड मॅकबीन यांचा ‘हॉर्नरेस्प’ हा मोफत प्रोग्राम आहे. दिसायला रुक्ष आहे, पण कर्ण्यांसाठी त्याच्याइतका कामाचा दुसरा मला माहीत नाही. वर दिलेले आकडे त्यात भरा, मग घसा आणि कोठी थोडी थोडी बदलून आलेखात काय हलतं ते पाहा.

प्रश्न: चांगलं प्लायवूड परवडत नाही. पुठ्ठा किंवा फोम बोर्ड वापरून कर्णा बांधता येईल का, की तो खुळखुळा होईल?

उत्तर: येईल, आणि पहिला कर्णा तर मी त्याचाच बांधायला सांगते. कागदी आवरणाचा ५ मिलिमीटर जाडीचा फोम बोर्ड कटरने कापता येतो, ग्लू गनने काही मिनिटांत चिकटतो आणि वजनाच्या मानाने फार ताठ असतो. हलका आणि ताठ असल्यामुळे त्याचे कंप वरच्या सुरांत जातात, आणि मागच्या कर्ण्याने तेवढ्या वरचं वाजवणं अपेक्षितच नसतं.

कुठे काय वापरायचं हे मात्र विचारपूर्वक ठरवा. कर्ण्यात हवेचा दाब सगळ्यात जास्त कोठीत आणि घशाशी असतो, तोंडाकडे तो झपाट्याने उतरतो. म्हणून जे थोडंफार चांगलं लाकूड जमेल ते पहिल्या ४०-५० सेंमीत घाला. तिथे १८ मिलिमीटरचं प्लायवूड, किंवा १२ मिलिमीटरचे दोन थर. पुढच्या भागाला फोम बोर्ड, दुहेरी पुठ्ठा, जे हाताशी असेल ते चालतं. मोठ्या पृष्ठभागांना मधून आडव्या पट्ट्यांचा टेकू द्या. टेकू बरोबर मध्यावर देऊ नका, एक-तृतीयांशावर द्या, म्हणजे दोन्ही भाग एकाच सुरावर थरथरत नाहीत.

फोम बोर्ड वळवायचा असेल तर एका बाजूचा कागद दर सेंटीमीटरला उभा चिरा, दुसऱ्या बाजूच्या कागदाला सुरी लागू देऊ नका. मग चिरा बाहेरच्या बाजूला ठेवून बोर्ड हळूहळू वाकवा. तो छान गोलाईत बसतो. चिरांमध्ये पांढरा डिंक भरून रात्रभर वाळू दिला की तीच गोलाई दगडासारखी टिकते. दोन सपाट पाट्यांच्या मध्ये अशी वळलेली भिंत उभी करून सर्पिल कर्णा बनवता येतो. त्याचं गणितही वर दिलेलंच: फट दर ठराविक अंतरावर दुप्पट. प्लायवूडमध्ये हा आकार करायला कसलेला सुतार लागला असता.

जोड हवाबंद आहेत का ते नक्की तपासा. ४० हर्ट्झचा सूर बारीक आवाजात लावा आणि टिश्यू पेपरची बोटभर पट्टी प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. जिथे गळती आहे तिथे पट्टी फडफडते. सगळे सांधे बाहेरून कागदी चिकटपट्टी आणि डिंकाने दोनदा मढवा. कोठीची गळती तर अजिबात खपवून घेऊ नका, तिथली केसाएवढी फटही बास खाते.

कागदाला कमी लेखणाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करते. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ईएमजी कंपनी हाताने बनवलेले ग्रामोफोन विकत असे. त्यांचे प्रचंड कर्णे कागदाच्या लगद्याचे होते आणि त्या काळच्या सर्वोत्तम यंत्रांत त्यांची गणना होई. त्यातले काही आजही वाजतात.

पुठ्ठ्याचा कर्णा आवडला तर तेच तुकडे साचे म्हणून लाकडावर ठेवा आणि आखा. नाही आवडला तर नुकसान फक्त डिंकाचं.

प्रश्न: जुन्या गाडीतून काढलेला आठ इंची सबवूफर पडून आहे. त्याला कर्णा चालेल?

उत्तर: बहुधा नाही. कर्ण्याला हलका कोन आणि जोरकस चुंबक लागतं. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात क्यूटीएस (Qts, कोनच्या घुमण्याला एकूण किती लगाम आहे ते सांगणारा आकडा; लहान म्हणजे लगाम घट्ट) पाहा: ०.२ ते ०.४ च्या दरम्यान असेल तर कर्ण्याला योग्य, ०.५ च्या वर गेला तर टाळा. दुसरी कसोटी अशी, की एफएस (Fs, ड्रायव्हर स्वतः ज्या सुरावर घुमतो तो) या आकड्याला क्यूईएस (Qes, त्यातला विजेचा आणि चुंबकाचा लगाम) ने भागा. उत्तर १०० च्या पुढे गेलं तर तो ड्रायव्हर कर्ण्यात रमेल. गाडीतले सबवूफर जड कोनाचे असतात आणि या कसोटीला क्वचितच उतरतात. मात्र वाया घालवू नका. पहिल्या उत्तरात ८० हर्ट्झखालचं काम बंद पेटीतल्या वूफरला द्यायला सांगितलं, ती जागा याचीच.

माहितीपत्रक नसेल तर हे आकडे घरी मोजता येतात. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हा मोफत प्रोग्राम, साऊंड कार्ड आणि एक रोधक (रेझिस्टर) एवढ्यावर ड्रायव्हरचा इम्पीडन्स-आलेख (वेगवेगळ्या सुरांना तो विजेला किती अडवतो त्याचा) निघतो, आणि त्यावरून हे आकडे.

प्रश्न: कर्णा बांधून झाला. मार्गाची एकूण लांबी बरोबर २ मीटर आहे. आवाज मोठा आहे, ढोलकी-तबला सुरेख वाजतो, पण पुरुष गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. मागे कोठी ठेवलेली नाही, ड्रायव्हर थेट घशावर बसवला आहे. आता सगळं उचकटायचं का?

उत्तर: उचकटायची गरज नाही. तुम्ही लांबी आणि बांधणी इतकी नेमकी लिहिलीत, की दुखणं कागदावरच सापडलं.

कोन पुढे सरकतो तेव्हा त्याची पाठही पुढे सरकते, म्हणजे मागची लहर पुढच्या लहरीच्या नेमकी उलट निघते. तुमच्या कर्ण्यातून बाहेर यायला तिला २ मीटर प्रवास करावा लागतो. ८६ हर्ट्झला २ मीटर म्हणजे अर्धी लहर. मुळात उलट निघालेली लहर अर्ध्या लहरीने मागे पडली, की पुढच्या लहरीशी सुलट जुळते आणि आवाज वाढतो. ढोलकीचा दणका तिथलाच. १७२ हर्ट्झला मात्र २ मीटर म्हणजे पूर्ण लहर. लहर उलटीच राहते, पुढच्या लहरीला खाते आणि खड्डा पडतो. २५८ ला पुन्हा उंचवटा. पुरुषाच्या आवाजाचा गाभा नेमका याच पट्ट्यात असतो, आणि त्यात एक खड्डा आणि एक उंचवटा शेजारी शेजारी आले की कानाला तो डबाच वाटतो.

खात्री करून घ्या. जाड रजई घडी घालून कर्ण्याच्या तोंडात घट्ट कोंबा आणि तेच गाणं लावा. बास जाईल, त्याकडे लक्ष देऊ नका, गायकाचा गळा ऐका. डबा गेला असेल तर दोष कर्ण्यातून गळणाऱ्या मधल्या सुरांचा. डबा तसाच राहिला तर पेटीची एखादी फळी वाजतेय, किंवा ड्रायव्हरचाच स्वभाव तसा आहे. फळीसाठी १०० ते ३०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत बोटांची टोकं सगळ्या बाजूंवरून फिरवा. जिथे हाताला मुंग्या येतात तिथे टेकू द्या.

तुमच्या बाबतीत मला कर्ण्याचाच संशय आहे, कारण कोठीच नाही, म्हणजे मधले सूर सरळ घशात शिरताहेत. उपाय पुढच्या बाजूने करा. जिथे ड्रायव्हर आहे तिथे पुढे एक उथळ चौकट बसवून ड्रायव्हर पुढे घ्या, आणि त्याच्या व घशाच्या मध्ये कोठी तयार करा. पहिल्या उत्तरातलं प्रमाण तुमच्या घशालाही लागू आहे: घसा दुप्पट असेल तर कोठीही दुप्पट. तुम्हाला १२० हर्ट्झच्या आसपास अडवायचंय, म्हणजे १७२ चा खड्डा भरून निघेल. कोठीच्या आतल्या भिंतींना जाड नमदा किंवा लोकर लावा. कर्ण्याच्या पहिल्या वळणावर, समोरच्या एकाच भिंतीला, तळहाताएवढा तुकडा लावलात तरी चालेल. घशात आणि मार्गात मात्र कापूस भरू नका. मधले सूर जातात हे खरं, पण ज्यासाठी कर्णा बांधला तो बासही जातो.

चौकट बसवताना ड्रायव्हर आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ फोमची गादी घाला. आणि दोन्ही पेट्यांवर एकदम काम करू नका. एक दुरुस्त करा, दुसरी तशीच ठेवा आणि शेजारी शेजारी ऐका.

प्रश्न: पाच वॅटचा अॅम्प्लिफायर पुरेल का?

उत्तर: घरासाठी अगदी पुरेल. १ वॅटला १ मीटरवर ९२ डेसिबल देणारा साधा स्पीकर विजेच्या जेमतेम १ टक्का भागाचा आवाज करतो, बाकीची उष्णता. नीट बांधलेला, पुढे कर्णा असलेला स्पीकर १०२ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे तोच आवाज एक-दशांश विजेत. मागच्या कर्ण्यात हा फायदा फक्त बासला मिळतो, वरचे सूर ड्रायव्हरच्या मूळ ताकदीवरच राहतात. पैसे अॅम्प्लिफायरवर घालायचे की ड्रायव्हरवर, असा पेच असेल तर ड्रायव्हर घ्या.

प्रश्न: घरात जुन्या ग्रामोफोनचा पत्र्याचा कर्णा आहे. त्याच्या मागे ड्रायव्हर लावून स्पीकर करता येईल का? नाहीतर तसाच गोल कर्णा घरी बनवण्याचा काही उपाय आहे?

उत्तर: पत्र्याचा कर्णा दिसायला देखणा असला तरी त्या काळचे बहुतेक कर्णे नजरेच्या अंदाजाने घडवलेले असत. आर्थर वेब्स्टर यांनी कर्ण्याचं समीकरण मांडलं १९१९ मध्ये, हॅना आणि स्लेपियन यांनी घातांकी कर्ण्याचं शास्त्र १९२४ मध्ये नीट मांडलं, आणि १९२५ मध्ये व्हिक्टर कंपनीचा ऑर्थोफोनिक ग्रामोफोन आला तेव्हा त्यात हिशोब करून घडी घातलेला घातांकी कर्णा होता. त्याआधीचे पत्र्याचे कर्णे बोटाने टिचकी मारली तरी वाजत राहतात. वापरायचाच असेल तर बाहेरून जाड नमदा चिकटवून तो मुका करा आणि साधारण ४०० हर्ट्झच्या वरचंच काम त्याला द्या.

त्यापेक्षा नवा बनवा, तोही कागदाचा. यासाठी ट्रॅक्ट्रिक्स हा आकार मला सर्वांत आवडतो. पॉल व्हॉइट यांनी तो १९२० च्या दशकात कर्ण्यासाठी वापरात आणला. तो काढायला गणित लागत नाही, पट्टी लागते. ३०० हर्ट्झच्या कर्ण्यासाठी तोंडाची त्रिज्या १८.२ सेंमी येते. कागदावर एक सरळ आस आखा. पुठ्ठ्याची बरोबर १८.२ सेंमी लांबीची पट्टी कापा आणि आसेला काटकोनात ठेवा, एक टोक आसेवर, दुसरं बाहेर. आता आसेवरचं टोक अर्धा सेंटीमीटर पुढे सरकवा, बाहेरचं टोक ओढलं जाऊन आपोआप आत येईल. ते जिथे आलं तिथे ठिपका द्या. पुन्हा अर्धा सेंटीमीटर. ठिपके जोडत गेलात की सुरुवातीला झपाट्याने आत येणारी आणि पुढे आसेला लागत जाणारी एक रेषा उमटते, तोच तुमचा कर्णा. बाहेरचं टोक आसेपासून अडीच सेंमीवर आलं की थांबा, तो घसा. तोंडापासून घशापर्यंत लांबी ३१ सेंमीच्या आसपास भरेल. तेवढी भरली नाही तर पट्टी कुठेतरी घसरली आहे, पुन्हा काढा.

हा आकार पुठ्ठ्यावर उतरवून त्याच्या बारा-पंधरा फासळ्या कापा, मधल्या दांड्याभोवती सारख्या अंतरावर उभ्या करा, मधली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरा आणि वरून प्लॅस्टरचा थर द्या. प्लॅस्टर ओलं असताना त्याच आकाराची पुठ्ठ्याची पट्टी भोवती फिरवली की साचा गुळगुळीत होतो. वाळल्यावर त्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा आणि डिंकात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर लावा. एक थर उभा, एक आडवा. दर तीन-चार थरांनंतर पूर्ण वाळू द्या, घाई केली तर आत ओल राहून कागद कुजतो. ५-६ मिलिमीटर जाडी झाली की पुरे. साच्यावरून काढून आतून पॉलिश पेपर मारा आणि दोन-तीन हात रंग द्या.

मागे तीन इंची ड्रायव्हर लावा, त्याच्या पाठीला लहान बंद डबी. ४०० हर्ट्झच्या वर हा कर्णा फार सुंदर वाजतो, गाण्यातले शब्द तर अगदी समोर येतात. ३-४ किलोहर्ट्झनंतर मात्र वेगळा ट्वीटर (सगळ्यात वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) लावावा लागेल.

प्रश्न: कार्लसन, टॅप्ड हॉर्न, व्हॉइट पाइप अशी नावं वाचली. नवख्याने यातलं काय बांधावं?

उत्तर: व्हॉइट पाइप. ही खालून रुंद, वर निमुळती होत गेलेली उंच नळी. चार-सहा सरळ काप, एकही घडी नाही, आणि क्यूटीएस थोडा जास्त असलेला ड्रायव्हरही तिला चालतो. एक लक्षात ठेवा: सरळ नळी पाव लहरीवर घुमते, म्हणजे ५० हर्ट्झला १.७ मीटर पुरतात, पण बंद टोकापासून रुंदावत जाणाऱ्या नळीला त्याच सुरासाठी जास्त लांबी लागते. ड्रायव्हर अगदी टोकाला न लावता बंद टोकापासून थोडा खाली घेतला की वरचे नको असलेले घुमार दबतात.

जॉन कार्लसन यांची १९५० च्या दशकातली पेटी, जिच्या दर्शनी बाजूला रुंदावत जाणारी फट असते, ती खरं तर कर्णा नव्हेच. तिचा आवाज पसरट आणि मोकळा असतो. काहींना तो फार भावतो, मला गाण्यापेक्षा वाद्यांना जास्त शोभतो असं वाटतं. टॅप्ड हॉर्नमध्ये कोनच्या दोन्ही बाजू एकाच कर्ण्यात उघडतात. टॉम डॅन्ली यांनी तो नावारूपाला आणला. सबवूफर म्हणून जबरदस्त, पण मापात थोडीही चूक चालत नाही. हॉर्नरेस्पवर हात बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: मोठा आवाज केला की मागच्या कर्ण्याच्या ड्रायव्हरचा कोन भयानक आत-बाहेर हलतो. बास तर तितका ऐकू येत नाही. बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही, पण दुर्लक्ष केलंत तर ड्रायव्हर जाईल. उताराच्या खालच्या सुरांना कर्णा हवेचा भार देत नाही. तिथे कोन जणू उघड्यावर हलतो, आवाज न करता. हे सूर त्याच्यापर्यंत पोचूच देऊ नका. अॅम्प्लिफायरच्या इनपुटला ओळीत एक कपॅसिटर घाला. इनपुट ४७ किलो-ओहमचं असेल तर ०.०६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झच्या खालचं हळूहळू कमी करतो. तुमचा प्लेअर डिजिटल असेल आणि त्यात हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारी सोय) असेल तर तो ५० ला लावा, त्याचा उतार आणखी तीव्र ठेवता येतो. बंद पेटीतला वूफर वेगळ्या अॅम्प्लिफायरवर असेल तर कपॅसिटर फक्त कर्ण्याच्या अॅम्प्लिफायरला लावा. कपॅसिटर फिल्म प्रकारचा घ्या, आणि दोन्ही चॅनेलला एकाच मापाचा.